तीन गाड्या एकाच कंपनीच्या, चौथी घ्यावी का?

पत्र (थोडं आटोपशीर करून):

रामराम. मी परभणी जिल्ह्यातल्या सेलूचा. कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगचा आमचा वडिलोपार्जित धंदा. २०१० साली औरंगाबादेत एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज रस्त्यावर आल्या, त्याची हवा आमच्यापर्यंत पोचली होती. दुसऱ्याच वर्षी वडिलांनी घरात पहिली जर्मन गाडी आणली. तीन बड्या जर्मन कंपन्यांपैकी एकीची. नाव छापू नका. त्या गाडीने कधी त्रास दिला नाही. २०१६ ला त्याच कंपनीची दुसरी घेतली. ती विकून डिसेंबर २०२१ मध्ये तिसरी, डिझेल एसयूव्ही, फर्मच्या नावावर, ऑन-रोड पासष्ट लाखांच्या पुढे. या तिसरीने जीव नकोसा केलाय. डीपीएफचा, म्हणजे धुराच्या गाळणीचा, दिवा चारदा लागला. ड्रायव्हर म्हणतो ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, तर सर्व्हिसवाले हसले. स्क्रीन अधूनमधून काळी पडते, मग एसीसुद्धा कमी-जास्त करता येत नाही. मागचं एअर सस्पेन्शन देवगाव फाट्यावर बसलं. टो व्हॅन यायला सात तास. 'रस्त्याच्या धक्क्याने झालंय, वॉरंटीत बसत नाही' म्हणून पावणेचार लाखांचं एस्टिमेट हातात दिलं. आणि त्याच आठवड्यात त्यांच्याच शोरूमचा फोन, की नवी घ्या, एक्स्चेंज बोनस देतो! गाडी जेमतेम एकतीस हजार किलोमीटर चाललीय. डिसेंबरात वाढीव वॉरंटी संपते. मुलगा म्हणतो इलेक्ट्रिक घ्या, मेहुणे म्हणतात दुसऱ्या जर्मन कंपनीची घ्या, घरच्या म्हणतात इनोव्हा आणा आणि गप बसा. वडिलांची २०११ ची गाडी अजून शेडमध्ये उभी आहे, तिचं काय करावं तेही सांगा. सगळ्यात वाईट याचं वाटतं की पंधरा वर्षं भेटेल त्याला मी हीच गाडी घ्या म्हणून सांगितलं. जिंतूर-मानवतच्या तिघा पाहुण्यांनी माझ्या शब्दावर घेतली. त्यांना आता काय तोंड दाखवू?

उत्तर:

रामराम भाऊ.

मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून माझी उमर गेली, त्यामुळे पत्र वाचताना आधी मीटरचा आकडा शोधायची खोड आहे. तुमच्या पत्रात तो पार शेवटी, जाता जाता आलाय. साडेचार वर्षांत एकतीस हजार, म्हणजे महिन्याला सहाशेच्याही आत. घर ते जिनिंग, जिनिंग ते मोंढा, संध्याकाळी परत. त्यात कधीतरी संभाजीनगर. तुमच्या गाऱ्हाण्यांपैकी निदान दोन या एका आकड्यातून निघतात, म्हणून आधी तेवढं सांगतो. निष्ठेचं नंतर बघू.

१ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले. डिझेलची काजळी हवेत जाऊ नये म्हणून धुराच्या वाटेवर गाळणी आली, तीच डीपीएफ. ही गाळणी भरत आली की गाडी ती स्वतःच जाळून साफ करते. पण त्यासाठी आतलं तापमान साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत चढावं लागतं आणि काही वेळ तिथंच टिकावं लागतं. मोकळ्या रस्त्यावर एका लयीत पंधरा-वीस मिनिटं गाडी पळाली की हे काम आपोआप होतं, आत बसणाऱ्याला पत्ताही लागत नाही. चार किलोमीटरवर जिनिंगचं गेट आलं आणि चावी फिरली, की ते अर्धवट राहतं. गाळणी तापवायला गाडी जास्तीचं डिझेल सोडत असते. असं वरचेवर अर्धवट राहिलं की न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि त्याची पातळी चढते.

म्हणजे तुमचा ड्रायव्हर शंभर टक्के बरोबर होता. त्याला हसणाऱ्या माणसाने एक तर गाडी शिकलेली नाही, नाही तर शिकलेलं सांगायचं नाही असं ठरवलंय. पातळ ऑइलवर टर्बो आणि बेअरिंग झिजतात, तेव्हा गाडी घरात आहे तोवर दोन गोष्टी पाळा. ऑइल कंपनीच्या तारखेची वाट न पाहता लवकर बदला. आणि आठवड्यातून एकदा देवगाव फाट्यावरून जालन्याच्या दिशेने अर्धा-पाऊण तास सलग चालवून आणा. डीपीएफचा दिवा लागलेला असताना गाडी मध्येच बंद करू नका. डीईएफ, म्हणजे ते युरियाचं पाणी, संपत आल्याची सूचना आली तर दुर्लक्ष नको. ते पूर्ण संपलं आणि गाडी बंद केली तर ती पुन्हा चालू होऊ देत नाही. २०११ च्या गाडीला हे काही लागत नव्हतं, कारण त्या वेळच्या नियमांना या गाळणीची गरज नव्हती. तीच माणसं, तोच रस्ता, तीच कंपनी, पण वडिलांची गाडी सेलूत सुखाने नांदली आणि तुमची आजारी पडली, त्याचं अर्धं कारण हे आहे.

मग दोष तुमचा का? माझ्या मते नाही. पासष्ट लाखांची गाडी विकताना 'रोज किती चालवता' हा एक प्रश्न कुणी विचारला नाही. विचारला असता तर तिथंच पेट्रोलची गाडी दाखवावी लागली असती. तुम्ही तिसऱ्यांदा आलेले गिऱ्हाईक, डोळे झाकून सही करणार हे त्यांना माहीत होतं. जुन्या गिऱ्हाइकाला नव्यापेक्षा कमी प्रश्न विचारले जातात, हे मी विम्याच्या धंद्यातही पाहिलंय.

आता सस्पेन्शन. इथे मात्र मागे हटू नका.

एअर सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगच्या जागी हवेने फुगणारी रबरी पिशवी असते आणि तिला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर. रबर घडीच्या जागी तडकतं, हवा हळूहळू सुटते, कॉम्प्रेसर ती भरून काढायला राब राब राबतो आणि शेवटी तोही जातो. हे एका दिवसात होत नाही. सकाळी गाडी एका बाजूला थोडी बसलेली दिसायला लागते, ते आधी महिना-दोन महिने. ड्रायव्हरला विचारा, त्याने पाहिलं असणार. उलट खड्ड्यात जोरात आपटून पिशवी फुटली असेल तर तो धक्का एकटा येत नाही. रिम वाकतं, टायरच्या बाजूला फुगा किंवा काप येतो, खालच्या आर्मवर ओरखडा उठतो. यातलं काही आहे का, एवढाच प्रश्न सर्व्हिस मॅनेजरला लेखी विचारा, ई-मेलने, आणि उत्तरही लेखीच मागा. काढलेला भाग तुमच्यासमोर ठेवायला सांगा, फोटो काढा. रबराच्या घडीत बारीक भेगा दिसल्या तर 'रस्त्याचा धक्का' हे कारण टिकत नाही.

त्यांनी धक्क्याचंच धरून ठेवलं, तर तेही तसंच लिहून घ्या. बाहेरच्या आघाताने झालेलं नुकसान हा विम्याच्या ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानभरपाईचा, विषय होतो; तोच कागद विमा कंपनीकडे जाईल आणि तिथून सर्व्हेअर येईल. विमा झीज आणि यांत्रिक बिघाड देत नाही, वॉरंटी आघात देत नाही. दोन्ही दारं एकाच वेळी बंद होऊ शकत नाहीत. मात्र तोंडी बोलण्यावर राहिलात तर दोन्ही बंद होतात, हे मी हजार वेळा बघितलंय. एक अडचण आहे. झीज म्हटल्यावर वाढीव वॉरंटीवाले रबरी भाग यादीत नाही असं म्हणू शकतात. म्हणून त्या पॉलिसीची बारीक अक्षरातली यादी आधी वाचून काढा. शोरूममधल्या पोराने काय सांगितलं होतं ते विसरा.

ग्राहक आयोगाचं तुम्ही विचारलं नाही, पण पावणेचार लाखांचा प्रश्न आहे म्हणून सांगतो. गाडीची किंमत पन्नास लाखांवर आणि दोन कोटींच्या आत, म्हणजे तक्रार परभणीच्या जिल्हा आयोगात चालणार नाही, राज्य आयोगात जाईल. त्याचं खंडपीठ संभाजीनगरला आहे, मुंबईला खेटे घालायची गरज नाही. मुदत दोन वर्षांची. गाडी फर्मच्या नावावर आहे म्हणजे तुम्ही 'ग्राहक' नाही, असा बचाव समोरून हमखास येईल. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच प्रकरणात सांगितलंय की कंपनीने संचालकाच्या वापरासाठी घेतलेली गाडी आपोआप व्यापारी हेतूची ठरत नाही. आलिशान गाडीचा मधला भाग तापतो, अशी ती तक्रार होती. वाचून हुरळू नका. त्यात राष्ट्रीय आयोगाचा निकाल २००७ चा आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०२४ चा. सतरा वर्षं! म्हणून आयोग हा शेवटचा दरवाजा. आधी कंपनीच्या मुख्य कार्यालयाला, डीलरला नव्हे, सगळ्या जॉब कार्डांसह, म्हणजे सर्व्हिसच्या प्रत्येक भेटीच्या नोंदीच्या कागदांसह, नोटीस. शंभरातल्या बऱ्याच भानगडी तिथंच अर्ध्या रकमेवर, 'सद्भावनेने' मिटतात.

स्क्रीनचं फार बोलत नाही. सॉफ्टवेअर अपडेट करून घ्या आणि दर वेळी काळी पडली की मोबाइलवर चित्रीकरण करा, कारण सर्व्हिस सेंटरच्या आवारात ती कधीच काळी पडत नाही. एसीची खुंटी काढून सगळं काचेवर न्यायची टूम फक्त तुमच्या कंपनीची नाही. सगळ्यांचीच आहे, आणि काचेकडे बघताना रस्त्यावरचं लक्ष उडतं म्हणून युरोपातल्या सुरक्षा तपासणीत, युरो एनकॅपमध्ये, २०२६ पासून हॉर्न, वायपर, इंडिकेटर अशा कामांना खरी बटणं असतील तरच पूर्ण गुण, असं ठरलंय.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे.

ऑक्टोबर २०१० चा तो दिवस मला नीट आठवतो. दीडशे गाड्या, पासष्ट कोटींच्या आसपास व्यवहार, स्टेट बँकेचं सात टक्क्यांचं कर्ज. देशभर बातमी झाली. मराठवाडा म्हटलं की दुष्काळ, मागासलेपण आणि अनुशेष एवढंच ज्यांना माहीत होतं त्यांना आपल्या उद्योजकांनी, डॉक्टरांनी, बिल्डरांनी दिलेलं ते उत्तर होतं. गाडी चांगली होती की नाही हा प्रश्न त्या दिवशी दुय्यमच होता. तुमच्या वडिलांनी दुसऱ्या वर्षी जे आणलं त्यात तो मान होता, आणि गाडीही योगायोगाने उत्तम निघाली. दोन्ही गोष्टी बोनेटवरच्या एकाच चिन्हाच्या खात्यावर जमा झाल्या. तुम्ही दुसरी आणि तिसरी घेतली ती त्या खात्यावर.

पण ते खातं चालवणारी माणसं बदलत असतात. ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीच्या एका टॅक्सीवाल्याने १९७६ ची मर्सिडीज २४० डी शेहेचाळीस लाख किलोमीटर चालवली आणि २००४ मध्ये ती कंपनीच्या संग्रहालयात गेली. त्याच कंपनीच्या नव्वदीच्या दशकातल्या ई-क्लासला लागणारा गंज युरोपात बदनाम झाला. पुढे पुन्हा सुधारली. अलीकडे तिने सी-६३ या आपल्या वेगवान गाडीतलं आठ सिलिंडरचं इंजिन काढून चार सिलिंडरचं हायब्रिड बसवलं, तर तिचे कट्टर चाहतेच उठले. बीएमडब्ल्यूने काही देशांत गाडीत आधीच बसवलेली सीट गरम करायची सोय महिन्याच्या भाड्याने द्यायला काढली आणि बोंब झाल्यावर २०२३ मध्ये गुंडाळली. जॅग्वारने २०२४ च्या अखेरीस नवं रूप जाहीर करताना जी जाहिरात काढली तिच्यात गाडीच नव्हती, आणि तीस-तीस वर्षं जॅग्वार चालवलेली माणसं तोंडात बोट घालून बसली. जगभर हेच चाललंय, भाऊ. तुमचा पोपट झाला असं समजू नका. ज्या इंजिनिअरांनी वडिलांची गाडी बनवली ते निवृत्त झाले असतील. तुमच्यावर त्यांचं ऋण नाही आणि नव्या मंडळींवर तुमचं.

म्हणून चौथी तीच घ्यावी का, याला माझं उत्तर: नाही. रागावून नव्हे. देशात वर्षाला चाळीस लाखांवर प्रवासी गाड्या विकल्या जातात, त्यात आलिशान गाड्या पन्नास हजारांच्या आसपास. एवढ्याशा विक्रीवर कुठलीही कंपनी परभणीत सर्व्हिस सेंटर काढणार नाही, आणि काढलं तर ते तोट्यात जाईल. सेलूहून संभाजीनगर सव्वाशे-दीडशे किलोमीटर. दिवा लागला की ड्रायव्हरचा दिवस गेला, तुमचा सीझन गेला. शिवाय यातल्या पुष्कळ गाड्यांना रन-फ्लॅट टायर असतात आणि स्टेपनी नसते. हवा गेल्यावर ते ऐंशीच्या वेगाने ऐंशी किलोमीटरपर्यंत जातात, पुढे बदलावेच लागतात. जिंतूर रस्त्यावर रात्री नऊला तो आकाराचा टायर कोण देणार?

आणि याच कारणाने मेहुण्यांचा सल्लाही बाद. एका जर्मन कंपनीवर रुसून दुसऱ्या जर्मन कंपनीत जाणं म्हणजे चिन्ह बदलणं. झेडएफ नावाच्या कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बीएमडब्ल्यूतही आहे, ऑडीच्या मोठ्या गाड्यांतही आणि जॅग्वार-लँड रोव्हरमध्येही. सेन्सर आणि इंजेक्टर बॉशसारख्या त्याच त्या पुरवठादारांचे. टो व्हॅन पुन्हा संभाजीनगरहूनच निघणार. उगं पाहुण्यारावळ्यांत 'आम्ही बदलली' म्हणायला पासष्ट लाख घालू नका.

मुलाचं म्हणणं मला अर्धं पटतं. तुमचं रोजचं चालणं दहा-बारा किलोमीटर, जिनिंगवर थ्री-फेज कनेक्शन आहेच. इलेक्ट्रिक गाडीला डीपीएफ नाही, डीईएफ नाही, इंजिन ऑइल नाही. जीएसटी पाच टक्के. तुमच्या वापराला याहून फिट दुसरं काही नाही. न पटलेला अर्धा भाग असा की पोराच्या मनात बहुतेक पुन्हा आलिशान इलेक्ट्रिक असणार. त्यांच्या किमती जुन्या बाजारात झपाट्याने पडतात आणि दुरुस्तीची वाट तीच, संभाजीनगरची. देशी कंपनीची साधी, पंधरा-वीस लाखांतली इलेक्ट्रिक घ्या, रोजच्या कामाला. खालच्या पत्र्यापासून जमीन किती उंच आहे ते मात्र बघा. बॅटरी पोटाखाली असते आणि आपल्या काळ्या मातीवरचे रस्ते दर पावसाळ्यात लाटा घेतात.

आणि लांबच्या प्रवासाला वहिनी म्हणतात तेच. परभणी-जालन्यात ज्याचं सर्व्हिस सेंटर आहे अशी पेट्रोल हायब्रिड. ऊन बेचाळीसवर गेलं तरी मागच्या सीटवर गारवा लागतो, सात माणसं बसतात, तुळजापूरला जाऊन यायला कुणाचं मन कचरत नाही. दोन्ही गाड्या मिळून चौथ्या जर्मन गाडीच्या पैशांत बसतात. लग्नात गेटवर लागल्यावर लोक काय म्हणतील हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण पत्रात ते आहे. तर ऐका: आपल्याकडे पुढाऱ्यांच्या ताफ्यात आता फॉर्च्युनर असते आणि तिच्यासमोर लोक जास्त वाकतात. मला तेही आवडत नाही, पण मानाची गाडी बदलते हे तुमच्या डोळ्यांसमोर घडलंय.

तिसरी गाडी विकायची कधी? सस्पेन्शन दुरुस्त झाल्यावर आणि डिसेंबरच्या आत, वॉरंटी शिल्लक असताना. एक्स्चेंज बोनसला भुलू नका. बोनस एका हाताने देतात आणि जुन्या गाडीचा भाव दुसऱ्या हाताने पाडतात. आधी बाहेरच्या दोन-तीन जणांकडून लेखी भाव घ्या, मग शोरूमची पायरी चढा. भाव तुमच्या अपेक्षेपेक्षा कमी येईल, त्याची तयारी ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ ला मोठ्या गाड्यांवरचा सेस गेला, पन्नास टक्क्यांपर्यंत जाणारा कर सरसकट चाळीसवर आला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या आणि त्याबरोबर जुन्यांचेही भाव उतरले. पॉलिसीवरची आयडीव्ही, म्हणजे विम्यापुरती धरलेली गाडीची किंमत, हा बाजारभाव नव्हे. पाच वर्षांनंतर तर ती तुम्ही आणि विमा कंपनी आपसांत ठरवता. घेणाऱ्याला डीपीएफचं लपवू नका. समृद्धीवरून आठवड्याला नागपूर-मुंबई करणारा माणूस असेल तर त्याच्या हातात हीच गाडी पाच वर्षं कुरकुर न करता चालेल. तशा माणसाला शोधा.

वडिलांच्या गाडीबद्दल. तिला यंदा पंधरा वर्षं होतायत, म्हणजे आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण: फिटनेस तपासणी, पाच हजार फी आणि वर हरित कर, मग पाच वर्षं चिंता नाही. ठेवायची असेल तर जरूर ठेवा, पण शेडमध्ये नको. सरकीपायी जिनिंगच्या शेडमध्ये उंदीर असतातच, आणि या गाड्यांचं वायरिंग त्यांनी एकदा कुरतडलं की गाडीच्या किमतीइतका खर्च. घराच्या पोर्चमध्ये आणा, आठवड्याला चालवा. दुरुस्ती शोरूममध्येच करायची असा काही कायदा नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींवर दंड ठोठावला तो यासाठीच, की सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नव्हत्या. पुढे अपिलं झाली, पण त्यानंतर बाहेरचे चांगले मिस्त्री वाढले. जालन्यात, संभाजीनगरात फक्त जर्मन गाड्याच करणारी गॅरेजं आहेत. एक चांगला मिस्त्री गाठून ठेवा. तुमच्या निष्ठेला त्याच्याइतका लायक माणूस या धंद्यात दुसरा नाही.

राहिले ते तिघे पाहुणे. त्यांना तोंड दाखवायला कसली लाज? त्यांना फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: गाडी डिझेल आहे का, महिन्याला किती चालते, ऑइलची पातळी कधी बघितली. यातला एखादा तुमच्यासारखाच मोंढा ते घर करत असेल, तर त्याचा टर्बो तुमच्या एका फोनने वाचेल. आणि एखाद्याची गाडी झकास चालत असेल तर ती तशीच चालू द्या, तुमच्या रागापायी त्याने विकायला नको.

कापसाचा सीझन सुरू झाला की तुम्हाला डोकं वर काढायला फुरसत नसते, तेव्हा जॉब कार्डं याच आठवड्यात तारखेप्रमाणे लावा. प्रत्येक भेटीला मीटर किती होतं आणि तक्रार तुमच्या शब्दांत लिहिली की त्यांच्या, तेही बघा. वाढीव वॉरंटीच्या कागदाची झेरॉक्स आणि सस्पेन्शनबद्दल त्यांचं लेखी उत्तर आलं की मला पाठवा. नोटिशीत काय मागायचं ते त्यावरून ठरवू.